‘सागवान सोडा, स्टील लावा’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल

दर पावसाळ्यात हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरून येतोच. ‘पुढचं दार बदलताय? सागवान विसरा. स्टीलचं दार गंजत नाही, फुगत नाही, वाळवी लागत नाही, चोराला फुटत नाही, आगीत टिकतं आणि स्वस्तही पडतं. एकदा लावा, जन्माची काळजी मिटली.’ गेल्या वर्षी रत्नागिरीच्या आमच्या घराचं दार बदलायला काढलं, तर तिघांनी मला हाच मेसेज पाठवला. त्यातला एक मावसभाऊ ठाण्यात बाराव्या मजल्यावर राहतो. त्याच्या दारावर पावसाचा थेंब कधी पडलेला नाही.

पहिली थाप गंजाची. बाजारात स्टीलचं दार म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा भांड्यांचं स्टेनलेस नसतं. तो जीआय पत्रा असतो, म्हणजे लोखंडावर जस्ताचा थर आणि त्यावर रंग किंवा लाकडाच्या रेषांची छपाई. जस्त शाबूत आहे तोवर ठीक. पण कुलपासाठी भोक पाडलं, बसवताना ग्राइंडर फिरला, की तिथं लोखंड उघडं पडतं. त्यात समुद्राकडची खारी हवा जस्तालाही लवकर खाते. आमच्या आळीतच एक चार वर्षांचं स्टीलचं दार आहे. समोरून चकचकीत. खाली वाकून पाहिलं तर तळाच्या कडेचा रंग फुगून पापुद्रे सुटलेले, आणि बोट फिरवलं की तांबूस भुगा हाताला लागतो. दार धुताना पाणी निथळून तिथंच साचतं, आणि ती कड पुसायला कोण वाकतो?

‘फुगत नाही’ हे मात्र खरं. स्टील फुगत नाही. पण लाकडी दार फुगतं तेव्हा दोष दर वेळी लाकडाचा नसतो. आमचं जुनं दार दर श्रावणात अडकायचं आणि दर श्रावणात कोणीतरी त्यावर रंधा मारायचा. मग दिवाळीनंतर त्याच जागी फट. या वेळी आलेल्या सुतारकाकांनी रंधा पिशवीतून काढलाच नाही. घरातला दाढीचा आरसा मागितला, दाराखाली सरकवला आणि म्हणाले, ‘बघा.’ तळाची कड कोरी! दोन्ही अंगांना तीन-तीन हात पॉलिश झालेलं, पण खालून ब्रश कधी लागलेलाच नाही. दाराच्या उभ्या पट्ट्यांची टोकं तिथंच असतात, आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाकडूनच पितं. वरची कडही तशीच होती. रंगाऱ्याला दोष देत नाही, दार बिजागऱ्यांवरून उतरवल्याशिवाय ते काम होत नाही आणि उतरवायला आपणच सांगत नाही.

वाळवीचं असं, की सागाच्या गाभ्याला ती सहसा तोंड लावत नाही. गाभ्याभोवतीचा पांढरट भाग मात्र चवीनं खाते. गडद पॉलिश मारलं की दोन्ही एकसारखंच दिसतं. म्हणून सागवानी दार घ्यायचं तर पॉलिशच्या आधी बघावं, नुसतं ‘बल्लारशा’ (चंद्रपूरकडचा नावाजलेला साग) असं ऐकून भुलू नये. आणि वाळवी चढते जमिनीतून, चौकटीच्या पायातून. आमच्याकडेही तसंच झालं होतं, दार धड आणि चौकट पोकळ. त्याच चौकटीत स्टीलचं दार टांगलं असतं तर वाळवीचं काय बिघडलं असतं?

आता चोर. पेपरात घरफोडीची बातमी वाचा, वाक्य ठरलेलं असतं: ‘बंद घराचा कडी-कोयंडा तोडून’. दाराची फळी फोडून, असं क्वचितच. ०.८ मिलिमीटरचा पत्रा दोन्ही बाजूंनी लावलेल्या ७ बाय ३ फुटी दारात पत्र्याचं वजन जेमतेम पंचवीस किलो भरतं. त्याच मापाचं ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव सागवानी दार चाळीसच्या पुढं जातं. पण वजनानं काय होतंय, कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकत असेल तर दार कशाचंही असो. पैसे आतल्या कुलपावर, लांब स्क्रूंवर आणि चौकट धरून ठेवणाऱ्या, भिंतीत पक्क्या रुतलेल्या लोखंडी होल्डफास्टवर घालावेत. जुन्या वाड्यांत दाराला आतून आडणा, म्हणजे आडवा घालायचा लाकडी दांडा असायचा, तो उगाच नाही.

आगीबद्दल थोडक्यात. फायर डोअर ही वेगळी वस्तू आहे. चौकट, कडेच्या पट्ट्या, दार आपोआप लावून घेणारा क्लोझर असं सगळं मिळून ते ठरावीक मिनिटांसाठी तपासलेलं असतं. आत पुठ्ठ्याची जाळी भरलेलं पत्र्याचं दार म्हणजे फायर डोअर नव्हे. दुकानदाराकडे चाचणीचा दाखला मागा, तोंड बघण्यासारखं होतं.

आणि स्वस्त? नुसत्या दाराचा भाव पाहिला तर असेलही. पण ते बहुधा स्वतःच्या चौकटीसह, ठरलेल्या मापात येतं. आमच्या दाराची उंची साडेसहा फूट. म्हणजे वरचा जांभा फोडा, गिलावा करा, उंबऱ्याची फरशी बदला. हा खर्च मेसेजमध्ये नसतो. शिवाय पत्र्याला पोचा पडला की तो पडला. लाकडाची खोच सुतार भरून देतो.

म्हणून स्टील वाईट, असं मी म्हणत नाही. फ्लॅटचं दार आतल्या पॅसेजमध्ये असेल, ऊन-पाऊस लागत नसेल, तर जाड पत्र्याचं आणि चांगल्या कुलपाचं स्टीलचं दार खुशाल लावा. तिथं आयएस २२०२ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलं फ्लश डोअर, म्हणजे प्लायवूडचं सपाट दारही छान चालतं. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं दार, मी बाथरूमला लावेन, पुढच्या दाराला नाही. जड दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू त्यात सैल होतात, असा सुतारकाकांचा अनुभव.

आम्ही शेवटी सागवानच केलं. चौकटीचे पाय जमिनीत न गाडता दगडी उंबऱ्यावर टेकवले, सहाही बाजूंना पॉलिश मारून घेतलं आणि दारावर अडीच फुटांची पाखी, म्हणजे पुढं आलेलं छोटं छप्पर काढलं. खरं काम ती पाखीच करते. यंदा श्रावणात दार अडकलं नाही.

मावसभावाचं स्टीलचं दारही झकास आहे. फक्त दसऱ्याला तोरणासाठी त्याला खिळा ठोकता येत नाही. चिकटपट्टीवर लावलेलं तोरण दुपारपर्यंत पायपुसण्यावर आलेलं असतं.