बिनकानाचं मांजर

मे महिन्यात अमळनेरला माणूस दोनच कारणांनी येतो. एक तर बोरी नदीच्या पात्रात भरणाऱ्या सखाराम महाराजांच्या यात्रेला, नाहीतर मामाकडे. माझा पुण्याचा भाचा मामाकडे आला आणि येताना स्वतःचा सातवा वाढदिवस सोबत घेऊन आला.

"केक नको," स्टेशनच्या बाहेर पडता पडताच त्याने सांगून टाकलं. "डोरेमॉनची बिस्किटं हवीत. घरी केलेली."

"हात्तिच्या, एवढंच?" मी म्हणालो. हेच दोन शब्द बोलून मी एकदा पाण्याची मोटर उघडली होती. पुढचे आठ दिवस आमच्याकडे टँकर येत होता. बायकोने रिक्षातच माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पदर सावरला.

पण माझा हिशेब पक्का होता. डोरेमॉन म्हणजे काय, तर एक मोठा गोल, त्यात एक छोटा गोल, लाल नाक आणि दोन्हीकडे तीन-तीन मिशा. मुख्य म्हणजे त्याला कान नाहीत. बिस्किटाला कान असले की ते आधी करपतात आणि डब्यात पहिले तुटतात. साचा शोधायचीही गरज नव्हती, घरातली स्टीलची वाटी पुरे.

आई गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. भाच्याने तिला टी-शर्टावरचं चित्र दाखवलं.

"हाऊ कोन शे रे?"

"डोरेमॉन, आजी. रोबो मांजर आहे."

"मांजर शे, तं कान कोठे ग्यात?"

मग व्याख्यान झालं. डोरेमॉन बाविसाव्या शतकातला. जन्म ३ सप्टेंबर २११२. उंची १२९.३ सेंटिमीटर आणि वजनही १२९.३ किलो. (पोराला सातचा पाढा येत नाही, पण हे दशांशासकट पाठ.) त्याचे कान उंदराने कुरतडले, म्हणून तो उंदराला घाबरतो.

"आजून जन्मना नही, आनि कान ग्यातबी?" आईने हातातला बिबडा तसाच धरून ठेवला. "आनि उंदीरनी मांजरना कान खादात? माय वं! कलजुग लागनं."

"आणि मामा, आधी ना तो…" भाचा पुढे काही सांगत होता. मी म्हटलं, बाबा रे, इतिहास पुरे, मला मैदा चाळायचाय.

मोबाइलवरच्या कृतीत पहिलंच वाक्य होतं, 'लोणी रूम टेंपरेचरला आणा.' ही कृती लिहिणारी बाई नक्कीच महाबळेश्वरला राहत असणार. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघराचं रूम टेंपरेचर ४० च्या वर होतं. भांडं ओट्यावर ठेवून मी पिठीसाखर शोधायला वळलो, परत येऊन पाहतो तर लोण्याचं सार झालेलं. पुढचं वाक्य, 'पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.' ठेवलं, आणि लाइट गेली. ती दोन तास आली नाही. तेवढ्या वेळात पीठ थंड झालं नाही, उलट फ्रिज मात्र गरम झाला.

निळ्या रंगासाठी बाजारातला रंग नको, असं मीच छाती पुढे काढून म्हटलं होतं. कुंपणावर गोकर्णीचा वेल आहे. फुलं गरम पाण्यात टाकली आणि काय सुरेख निळं पाणी निघालं! ते पिठात ओतलं आणि पीठ हिरवं झालं. गोकर्णीचा रंग सोड्यात गेला की हिरव्याकडे झुकतो, हे ज्ञान मला चमचाभर सोडा घालून झाल्यावर मिळालं. त्यात लोण्याचा पिवळेपणा होताच. आंबट पडलं की तोच रंग जांभळा होतो, हेही तिथेच वाचलं आणि मधोमध कुठेतरी निळा सापडेल म्हणून लिंबू पिळलं. पीठ फसफसलं. जिथे लिंबू पोचलं तिथे जांभळं आणि उरलेलं हिरवं.

"मामा, याला कुठे लागलंय का?" भाच्याने काळजीने विचारलं.

ओव्हन आमच्याकडे नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं, त्यावर स्टँड, स्टँडवर थाळी. थाळीत तीन डोरेमॉन मावले. वीस मिनिटं मी कुकरवर नजर ठेवून घाम पुसत होतो. कोण भाजलं जातंय, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

झाकण उघडलं तेव्हा तिघांचा मिळून एक झाला होता. १९९८ साली धुळ्यातून वेगळं निघालेलं नंदुरबार माझ्या थाळीत परत धुळ्याला जाऊन चिकटलं होतं आणि जळगाव दोघांवर सांडलं होतं. अखंड खानदेश, कडेने करपलेला. आईने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि उरलेला चिमण्यांसाठी बाजूला ठेवला. ही बाई हातावर नाचवून हातभर रुंद मांडा खापरावर टाकते आणि तो कुठे फाटत नाही. तिच्या पोटी मी, वाटीएवढा गोल न जमणारा.

वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. सकाळी मुकाट्याने भट्टी गाठली. आमच्याकडे दिवाळीच्या आधी लोक घरून रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात, नानकटाई भाजून घेतात आणि पत्र्याच्या डब्यांची रांग लावून रात्री उशिरापर्यंत नंबरची वाट बघत बसतात. मे महिन्यात हात हलवत आलेला मी पहिलाच असेन. भट्टीवाल्या भाऊंनी माझी कहाणी शांतपणे ऐकून घेतली.

"लोनीनं नही जमाव, भो. डालडा लागस."

म्हणजे लोणी लगेच पातळ होऊन पळतं, त्यामुळे पिठाला आकार धरायला सवडच मिळत नाही. वनस्पती तूप उशिरा वितळतं, तोवर कड धरलेली असते. आणि सोडा जास्त पडला की बिस्किट ऐसपैस पसरतं. मला खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. १९४५ साली वनस्पती तुपाच्या ज्या कारखान्यातून पुढे विप्रो उभी राहिली, तो याच गावातला. त्या गावच्या माणसाने लोण्याच्या नादी लागावं!

भाऊंनी डालडा आणि पिठीसाखर हाताने फेसली, मैदा-रवा घातला, सोडा नावापुरता. निळ्याचा नाद मी सोडला, रंग घरी वरून चोपडू म्हटलं. वाटीने ३० गोल पाडले. दातकोरणीने प्रत्येकाला डोळे, तोंड आणि सहा मिशा काढल्या. तिसाव्या डोरेमॉनपर्यंत माझी मान अवघडली होती, पण काय सांगू, पत्र्यावर ते असे ओळीने हसत होते की मला माझाच अभिमान वाटला. फुगे आणायचे राहिले होते. निघताना भाऊंना बजावलं, "मांजरं आहेत, जरा नीट सांभाळा."

संध्याकाळी डबा घ्यायला गेलो. भाऊ खुशीत होते. झाकण उघडून त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. भाजणी सुरेख, रंग सोनेरी, एकही पसरलेलं नाही. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन टोकदार कान.

"भाऊ, मांजरना कान राही गयथात तुमनाकडथीन. कातरन उरेल व्हती, मी बठ्ठासले लाई दिनात." वर मोठ्या मनाने म्हणाले, "कानना येगळा पैसा नही."

काय बोलणार? घरापर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता मी अर्ध्या तासात कापला. दारात गल्लीतली बारा पोरं, डोक्यावर टोप्या घालून. बायकोने डब्यात पाहिलं आणि पुन्हा एकदा काही न बोलता पदर सावरला. भाच्याने एक बिस्किट उचललं. कानाला बोट लावून पाहिलं. मी मनात केक कुठे मिळेल याचा विचार करत होतो.

"मामा!" तो किंचाळला. "हा उंदराच्या आधीचा डोरेमॉन!"

"म्हणजे?"

"अरे, आधी तो पिवळाच होता ना! आणि कान पण होते! काल सांगत होतो, तर तू ऐकलंच नाहीस!"

एवढं बोलून त्याने डावा कान कटकन तोडून खाल्ला, मग उजवा. ते बघून बाकीच्या बारा जणांनीही कानापासूनच सुरुवात केली.

आई उंबऱ्यात बसून बघत होती.

"सापडना वं माय उंदीर," ती म्हणाली.