लॉयकरबाडच्या सहलीविषयी आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

महोदया, सादर नमस्कार.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपण कुटुंबासह आमच्यामार्फत स्वित्झर्लंडमधील लॉयकरबाड येथे पाच रात्री राहून आलात. त्या सहलीला दोन तारे देताना आपण लिहिले आहे की गावामागच्या गेम्मी खिंडीत नेणारा रोपवे बंद होता, सासूबाईंना स्पामध्ये सर्वांदेखत अपमान सहन करावा लागला, आलिशान म्हणवणाऱ्या हॉटेलच्या खोलीत एसी नव्हता, पहिल्या रात्री गरम जेवण मिळाले नाही, शाकाहारी म्हणून दिलेल्या चीजबाबत नंतर भलतेच कळले आणि निघताना ‘कुरटाक्स’ नावाची वेगळी रक्कम भरावी लागली. आपण भारतीय असल्यामुळेच ही वागणूक मिळाली, अशी आपली भावना झाली आहे. उत्तर द्यायला बारा दिवस लागले याबद्दल क्षमा मागतो. या दिवसांत मी आपल्या आरक्षणाची सर्व कागदपत्रे आणि हॉटेलशी झालेला पत्रव्यवहार स्वतः पाहिला, आणि हॉटेलच्या व्यवस्थापकांशी दोनदा फोनवर बोललो.

सर्वांत आधी रोपवेबद्दल लिहितो, कारण तिथे चूक पूर्णपणे आमची आहे. आल्प्समध्ये पर्यटनाचे हंगाम दोन. डिसेंबरपासून साधारण ईस्टरपर्यंत बर्फाचा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत डोंगरवाटांचा. मधल्या एप्रिल-मे महिन्यांत बर्फ स्कीइंगला पुरेल इतका उरत नाही, पण चालायच्या वाटा मोकळ्या होण्याइतका वितळलेलाही नसतो. फुर्का आणि ग्रिमझेलसारखे घाटरस्ते तेव्हा बहुधा बंदच असतात, आणि रोपवेचे दोरखंड, पुल्या व ब्रेक उतरवून तपासायला तंत्रज्ञांना हाच काळ मिळतो. गावातली कित्येक हॉटेलेसुद्धा या दिवसांत दारे लावून कर्मचाऱ्यांना सुट्टी देतात. महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी मात्र नेमकी याच दिवसांत येते, आणि आमच्याकडे सर्वाधिक विचारणाही याच दिवसांसाठी होते.

आपल्याला पाठवलेल्या कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्या दिवशी ‘रोपवेने गेम्मी खिंड, डाउबनझे सरोवराकाठी फेरफटका’ असे छापलेले होते. तो मजकूर आमच्या जुलैमधल्या सहलीच्या पत्रिकेतून जसाच्या तसा उचललेला होता, आणि आपल्या तारखांना रोपवे वार्षिक देखभालीसाठी बंद असणार हे आमच्या कार्यालयात कोणीही पडताळून पाहिले नाही. तो चालू असता तरी सुमारे २३५० मीटर उंचीवरच्या त्या स्थानकाबाहेर आपल्याला सरोवराऐवजी गोठलेले पांढरे मैदानच दिसले असते, सासूबाईंना तर तिथे चार पावले टाकणेही कठीण गेले असते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात आपली मुलगी जाकीट घालून रोपवेच्या कुलूपबंद दारासमोर उभी आहे आणि तिच्या मागे दोन केबिन जमिनीवर उतरवून ठेवलेल्या आहेत. ते छायाचित्र मी आमच्या बैठकीत सर्वांना दाखवले.

याहून मोठी चूक आपण अभिप्रायात लिहिलेली नाही, पण ती मला इथे कबूल केलीच पाहिजे. मे महिन्यात या गावांतले हॉटेलदर उतरतात. आम्ही तो उतरलेला दर आपल्याला ‘खास उन्हाळी सवलत’ म्हणून दाखवला. तो का उतरतो, हे मात्र सांगितले नाही. ते सांगितले असते तर आपण दुसरी जागा निवडली असती किंवा निदान तयारीने गेला असता. बारमाही चालणाऱ्या गोष्टीही आल्प्समध्ये आहेत. झेरमाटहून निघणारी गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १८९८ पासून धावते आणि ३०८९ मीटरवर नेऊन सोडते. १९१२ साली सुरू झालेले युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक ३४५४ मीटरवर आहे आणि मे महिन्यातही खुले असते. लॉयकरबाडहून बसने लॉयक, तिथून आगगाडीने फिस्प आणि पुढे झेरमाट हा प्रवास एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे. आपला दुसरा दिवस वाया गेल्याचे आमच्या प्रतिनिधीला सकाळी साडेनऊलाच कळले होते, तेव्हा त्याने ही तिकिटे काढून द्यायला हवी होती. त्याने ‘हॉटेलच्या स्पाचा आनंद घ्या’ असा संदेश पाठवून विषय संपवला, आणि पुढचा प्रसंग त्याच दुपारी घडला.

स्पामध्ये नेमके काय झाले ते आपण तपशीलवार लिहिले आहे. सासूबाई गुडघेदुखीसाठी गरम पाण्याच्या ओढीने आल्या होत्या. तलावात अर्धा तास बसल्यावर त्या व आपण शेजारच्या काचेच्या दारातून आत गेलात. आत विवस्त्र स्त्री-पुरुष पंचे अंथरून बसलेले पाहून त्या गोंधळल्या, आणि तेवढ्यात एका कर्मचारी महिलेने त्यांच्या अंगावरच्या कॉश्च्युमकडे बोट दाखवून ‘हे इथे चालणार नाही’ असे मोठ्याने म्हटले. बहात्तर वर्षांच्या, नऊवारीतच वावरलेल्या, केवळ सुनेच्या आग्रहाखातर आयुष्यात प्रथमच कॉश्च्युम घातलेल्या बाईंना त्या क्षणी काय वाटले असेल, हे मला समजते. माझ्या आईच्या बाबतीत असे घडले असते तर मीही आपल्यासारखेच लिहिले असते.

व्यवस्थापकांनी त्या कर्मचारी महिलेशी बोलून मला कळवले की तिचा स्वर चढा होता, हे तिने मान्य केले आहे. त्यांनी सासूबाईंच्या नावे लिहिलेले दिलगिरीचे पत्र मी मराठी अनुवादासह आपल्या घरच्या पत्त्यावर पाठवले आहे. मात्र तो नियम भारतीयांसाठी केलेला नव्हता. ऑस्ट्रिया, जर्मनी, इटलीतला दक्षिण टिरोल आणि स्वित्झर्लंडचा जर्मनभाषक भाग इथल्या बहुतेक स्पांमध्ये पाण्याचे तलाव आणि सौना (घाम येण्यासाठी तापवलेली लाकडी खोली) हे दोन स्वतंत्र विभाग असतात. तलावात कॉश्च्युम सक्तीचा असतो. सौनामध्ये तो वर्ज्य असतो, आणि लाकडी फळीवर अंगाखाली पंचा घेऊनच बसायचे असते; घाम लाकडात मुरू नये आणि ओल्या कृत्रिम कापडाला ऐंशी-नव्वद अंशांची धग लागू नये, अशी त्यामागची कारणे तिथले लोक सांगतात. पंचा अंगाभोवती गुंडाळून बसलेल्या पाहुण्यांना सहसा कोणी अडवत नाही. काही हॉटेलांत आठवड्यातला ठरावीक वेळ केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवतात, आणि आपल्या हॉटेलात मंगळवारी सकाळी तशी सोय होती. हे सारे आम्हाला ठाऊक होते. आपल्याला ठाऊक असायचे काहीच कारण नव्हते, कारण आमच्या माहितीपुस्तिकेत स्पाविषयी ‘अत्याधुनिक वेलनेस सुविधा’ एवढे तीनच शब्द होते. संकोचाचा विषय म्हणून आम्ही तो लिहायचे टाळत आलो, आणि त्या टाळाटाळीचा भार सासूबाईंवर पडला.

आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला सौना विभागात प्रवेश नाकारला गेला, तोही तिथल्या अशाच नियमामुळे. तिथे सोळा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. विश्रांतीच्या दालनात आपल्या यजमानांना फोन बंद करायला सांगितले गेले, त्याबाबत मात्र मी हॉटेलची बाजू घेईन. घरच्यांना तलाव दाखवावा म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, यात त्यांचा हेतू स्वच्छ होता याविषयी मला शंका नाही. परंतु जिथे शेजारच्या दारातून लोक विवस्त्र बाहेर येतात तिथे कॅमेरा उघडणे हा तिथल्या प्रत्येक पाहुण्याच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, आणि त्याच दुपारी एका जर्मन गृहस्थांनाही तसेच सांगण्यात आले होते, असे मला कळले.

सासूबाईंना पाण्यातून बाहेर आल्यावर चक्कर आली, हे आपण अभिप्रायाच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. मला ती ओळ सर्वांत गंभीर वाटली. लॉयकरबाडचे पाणी जमिनीतून सुमारे ५१ अंश तापमानाने वर येते. रोज सुमारे ३९ लाख लिटर पाणी असे येत असते, आणि ते निववून वेगवेगळ्या तलावांत सोडले जाते. पहाटे गावातून चालताना दगडी कुंडांवर आणि झाकणांच्या फटींतून वाफ निघताना दिसते, आणि मागे गेम्मीचा कडा भिंतीसारखा सरळ उभा असतो. हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हातातली बॅग खाली ठेवून दहा मिनिटे तसाच उभा राहिलो होतो. परंतु हे पाणी शरीरावर ताणही आणते. छत्तीस अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसावे, मग बाहेर येऊन पाणी प्यावे आणि तेवढाच वेळ आडवे पडावे, अशी तिथली रीत आहे. विश्रांतीचे ते शांत दालन त्यासाठीच असते. त्यात गाव १४०० मीटर उंचीवर आहे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे आपण आरक्षणाच्या अर्जात नमूद केले होते, आणि आम्ही ते हॉटेलला कळवले नाही. यापुढे साठीच्या वरच्या प्रत्येक पाहुण्याशी मी किंवा माझी सहकारी निघण्यापूर्वी स्वतः बोलणार आहोत, आणि डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय स्पाची वेळ राखून ठेवणार नाही.

एसीबाबत आपल्या मताशी मी सहमत नाही. त्या उंचीवर मे महिन्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते, आणि म्हणूनच डोंगरातल्या पुष्कळ चांगल्या, महागड्या हॉटेलांतही एसी नसतो; खिडकी वरून तिरकी उघडून ठेवायची असते. मात्र ती खिडकी दोन प्रकारे कशी उघडते हे खोली दाखवताना कोणी सांगितले नाही, आणि आपण दोन रात्री ती बंद ठेवून उकाड्यात काढल्या, याचे वाईट वाटते.

पहिल्या रात्रीच्या जेवणाची चूक पुन्हा आमच्याकडेच येते. झुरिक विमानतळावरून लॉयकपर्यंतची गाडी आणि तिथून वरची बस धरून तीन तासांहून अधिक लागतात. विमान सायंकाळी उतरणार असताना आम्ही बदलाला पुरेसा वेळ ठेवला नाही, आणि आपली बस चुकली. अशा हॉटेलांचे स्वयंपाकघर नऊला बंद होते आणि आचारी घरी जातात. आपण साडेनऊला पोहोचलात तेव्हा ठेवलेले सूप, पाव आणि चीज हे रात्रपाळीच्या माणसाने आपल्यासाठी मुद्दाम काढून ठेवलेले होते. सूप भाज्यांचेच होते, याची मी स्वयंपाकघराकडून खात्री करून घेतली आहे. चीजबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. ग्रुयेरसारखे पारंपरिक स्विस चीज बनवताना दूध विरजायला वासराच्या पोटातले रेनेट वापरतात. तिथे अशा चीजला शाकाहारीच समजतात, त्यामुळे हॉटेलने आपल्याला फसवले असे मी म्हणणार नाही, पण काटेकोर शाकाहारी कुटुंबाला ही गोष्ट आधी सांगणे आमचे काम होते.

कुरटाक्स ही तिथल्या गावाने प्रत्येक पाहुण्याकडून दर रात्रीमागे घेतलेली आकारणी आहे. ती हॉटेलातच भरावी लागेल असे आपल्या करारपत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलेले असल्यामुळे ती रक्कम आम्ही परत करू शकत नाही.

बाकीच्या गोष्टींबाबत पुढीलप्रमाणे करत आहोत. गेम्मीच्या दिवसाचे संपूर्ण शुल्क आणि सहलीच्या एकूण रकमेचे आणखी १५ टक्के आपल्या खात्यात या शुक्रवारपर्यंत जमा होतील. त्यासाठी हा अभिप्राय बदलण्याची किंवा काढण्याची कोणतीही अट नाही, आणि तो आहे तसाच राहावा अशीच माझी इच्छा आहे, म्हणजे मे महिन्यात आल्प्सला निघालेल्या इतरांना तो वाचता येईल. पुढील वर्षाच्या एप्रिल-मेच्या सर्व कार्यक्रमपत्रिका मागे घेतल्या आहेत. नव्या पत्रिकेत कोणता रोपवे कोणत्या तारखांना बंद आहे हे दराच्या शेजारीच छापले जाईल, आणि स्पाचे नियम साध्या मराठीत, काहीही न झाकता, एका वेगळ्या पानावर दिले जातील. त्या पानाचा मसुदा तयार आहे. सासूबाईंनी तो छापण्यापूर्वी वाचून काय खटकते ते सांगितले तर मी ऋणी राहीन. त्यांची तयारी असेल तर रविवारी सकाळी तो घेऊन मी स्वतः घरी येईन.

आपला नम्र,
संचालक