फाटकावरचा शून्य आणि ग्राइंडरचा रेस्ट

4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनापासून बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतल्या सुपरवायझर मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: कारखाना सुरक्षित आहे की नाही ते फाटकावरच्या ‘अपघाताविना इतके दिवस’ या फलकावरून कळतं, सेफ्टी ऑडिट म्हणजे कागद रंगवणं, आणि दहातले नऊ अपघात कामगाराच्या बेफिकिरीनं होतात. बेळगावच्या फौंड्र्यांत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत, माझी बावीस वर्षं गेली, शेवटची नऊ सुरक्षेच्याच कामात. हा मेसेज नव्या पोरांनी खरा धरू नये म्हणून लिहितो आहे.

आधी फलकावरच्या शून्य अपघातांचं बघू. चाळीस माणसांची फौंड्री घ्या. आठ तासांची पाळी आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 96,000 तास होतात. आयएस 3786 या भारतीय मानकात अपघातांची वारंवारता दहा लाख तासांमागे मोजतात. म्हणजे नुसते तेवढे तास भरायलाच या फौंड्रीला दहा वर्षं लागतात. समजा तिथला खरा दर दहा लाख तासांमागे 5 अपघात आहे. तरी सरासरीनं दोन वर्षांत एकच अपघात येणार, आणि दहातली सहा वर्षं काहीही न सुधारता कोरी जाणार. एवढ्या लहान कारखान्यात वर्षभराच्या शून्यावरून काहीच ठरत नाही.

मोठ्या ठिकाणीही तेच. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर साहेब लोक आले होते. सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत नाही, म्हणून कौतुक करायला. त्याच रात्री स्फोट झाला आणि 11 माणसं गेली. घसरून पडणं, बोट कापणं यांच्या हिशेबात विहिरीतला दाब कुठे दिसणार?

आणि शून्य राखतात कसं, तेही मी जवळून पाहिलं आहे. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या कामावर, खानापूरकडचा एक पोरगा होता. पेडेस्टल ग्राइंडरवर कास्टिंग घासताना ते घासायचं चाक आणि रेस्ट (माल टेकवायचा आधार) यांच्यामधल्या फटीत ओढलं गेलं, बरोबर बोटही गेलं. टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्याला मोटारसायकलवरून आणून टाइम ऑफिसात बसवलं, हजेरी लावली. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या 88 व्या कलमात 48 तास कामावर येता आलं नाही तर अपघात कळवायचा असे. हा तर ‘हजर’ होता. फलकावरचा आकडा एकानं वाढला. बँडेज केलेला हात छातीशी धरून तो दिवसभर खुर्चीत बसून होता.

रिपोर्टात कारण लिहिलं, ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’. मी जाऊन फट मोजली. ती 3 मिलिमीटरच्या आत हवी. तिथं माझं बोट आरामात जात होतं. चाक झिजत गेलं आणि रेस्ट कुणी पुढे घेतलाच नाही. दोन बोल्ट सैल करायचे, पाच मिनिटांचं काम. ‘दहातले नऊ’ हा आकडा याच वळणाचा आहे. 1931 साली अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखनं 88 टक्के अपघात माणसाच्या चुकीचे असं मांडलं, तेही विमा कंपन्यांच्या फायली आणि कारखान्यांच्या नोंदी चाळून. त्या नोंदी लिहिणारे बहुतेक सुपरवायझर. सुपरवायझर स्वतःच्या न सरकवलेल्या रेस्टचं नाव लिहील का?

ऑडिट कागदी असतात, हे मात्र खरं आहे. ऑफिसात चहा पिऊन ‘होय, होय’ टिक केलेली ऑडिटं मीही पाहिली आहेत. पण म्हणून ऑडिटच नको, हे पटत नाही. आयएस 14489 या सेफ्टी ऑडिटच्या भारतीय मानकाप्रमाणे नीट केलेलं ऑडिट अपघाताच्या आधीच्या गोष्टी बघतं. पावसात भिजलेलं स्क्रॅप फर्नेसमध्ये जातं का? पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1700 पट फुगते, आणि वितळलेल्या लोखंडाखाली ती अडकली तर रस छपराला लागतो. लॅडल (रस ओतायचं भांडं) कोरडी करून तापवली होती का? थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वही आहे का, आणि ती कोरी असेल तर का कोरी आहे? शॉट ब्लास्टिंगची, म्हणजे छर्रे मारून कास्टिंग साफ करतानाची, धूळ कुठे जाते? वाळूच्या बारीक धुळीनं होणारा सिलिकोसिस फुप्फुसात वर्षानुवर्षं मुरतो, तो कुठल्याच फलकावर येत नाही.

ऑडिटरनं माणसांशी त्यांच्या भाषेत बोललंच पाहिजे. आमच्याकडे एकाच पाळीत मराठी, कानडी आणि ओडिशा-बिहारकडची हिंदी बोलणारी माणसं असतात. इंग्रजीतली सूचना भिंतीवर लावली आणि काम झालं, असं होत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर 1987 साली तेव्हाच्या कारखाने कायद्यात 41 ग कलम आलं. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगार नि व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी सारखे हवेत, असं ते सांगत होतं. त्या कायद्यातल्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फौंड्रीचं नाव स्पष्ट होतं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना एकच विनंती. फलकाच्या फोटोखाली तुमच्या समितीच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्तही टाका, आणि त्यात फेटलिंगवाल्यांपैकी कोण काय बोललं ते लिहा.