हरलेल्या कर्णधाराचं काय करायचं?

२०२४ मध्ये न्यूझीलंडचा संघ भारतात गेला आणि बंगळुरू, पुणे, मुंबई अशा तिन्ही कसोट्या जिंकून परतला. तेव्हापासून इथून, न्यूझीलंडहून, भारतात घरी फोन लावला की एकच धोशा: कर्णधार हाकला, म्हाताऱ्यांना घरी बसवा. चारच महिन्यांनी त्याच कर्णधारानं दुबईत न्यूझीलंडलाच हरवून चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, तेव्हा धोशा थांबला. पुढच्या पराभवाला तो पुन्हा सुरू झाला. दर वेळी मला ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा, कर्णधार रिची मॅकॉ आठवतो आणि दर वेळी घरच्यांना तो कोण हे पहिल्यापासून सांगावं लागतं.

१४८ कसोटी, त्यांतल्या ११० कर्णधार म्हणून. रग्बीत देशाकडून खेळलेल्या सामन्याला कसोटीच म्हणतात. १४८ पैकी १३१ जिंकल्या. लागोपाठ दोन विश्वचषक, २०११ आणि २०१५. हे आकडे सांगितले की घरून उत्तर येतं, "मग त्याला कोण काढणार होतं?" इथेच सगळी गफलत आहे. २००७ मध्ये त्याला काढायला हवं, असं म्हणणारे इथे पुष्कळ होते.

६ ऑक्टोबर २००७, कार्डिफ, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. मध्यंतराला ऑल ब्लॅक्स १३-३ ने पुढे, शेवटी फ्रान्स २०-१८ ने विजयी. मॅकॉ तेव्हा २६ वर्षांचा होता. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायआधीचा (ट्राय म्हणजे गोलरेषेपलीकडे बॉल टेकवणं) पास पुढच्या दिशेला गेला होता, जो रग्बीत चालत नाही, आणि पंच वेन बार्न्स यांच्या नजरेतून तो सुटला, हे खरंच. पण त्यानंतरही दहा मिनिटं हातात होती. कार्टर आणि इव्हान्स हे ऑल ब्लॅक्सचे दोन्ही दहा नंबर, म्हणजे खेळ चालवणारे, जखमी होऊन बाहेर गेलेले. अशा वेळी गोलाच्या समोर जाऊन ड्रॉप गोल मारायचा, म्हणजे बॉल जमिनीवर टाकून उसळताच लाथेनं खांबांमधून धाडायचा, तीन गुण घ्यायचे आणि सामना संपवायचा. ऑल ब्लॅक्स मात्र बॉल पोटाशी धरून धडका देत राहिले, पंच कधीतरी पेनल्टी देतील या आशेवर. उत्तरार्धात एकही पेनल्टी मिळाली नाही. ड्रॉप गोलचा एक प्रयत्न झाला तो फार लांबून, आणि तोही तोकडा पडला. त्या गोंधळात मैदानावर निर्णय घेण्याची जबाबदारी कर्णधाराची होती आणि तो कमी पडला. हे मॅकॉनं नंतर लपवलं नाही.

इथली माणसं संत आहेत, असं माझं म्हणणं नाही. बार्न्सना न्यूझीलंडकरांनी अतोनात शिव्या घातल्या. १९९९ च्या पराभवानंतर प्रशिक्षक जॉन हार्ट यांना जावं लागलं, २००३ नंतर जॉन मिचेल यांना. १९९९ मध्येच हार्ट यांचा शर्यतीचा घोडा क्राइस्टचर्चच्या ॲडिंग्टन रेसकोर्सवर धावला, तर लोकांनी त्या मुक्या जनावरावरही राग काढला. पण २००७ च्या डिसेंबरमध्ये न्यूझीलंडच्या रग्बी युनियननं मुलाखती घेऊन हरलेले प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांनाच पुन्हा नेमलं आणि मॅकॉ कर्णधार राहिला. डावलले गेलेले रॉबी डीन्स ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक झाले. त्यांचा संघ २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन पार्कवर ऑल ब्लॅक्सकडून २०-६ ने हरला.

नुसतं ठेवून घेतलं म्हणून काही झालं नाही, हे घरच्यांना सांगताना मी विसरतो. काय बिघडलं ते शोधलं गेलं. २००७ मध्ये २२ खेळाडूंना सुपर १४ या रग्बी स्पर्धेच्या पहिल्या निम्म्या हंगामातून बाहेर काढून व्यायामाला लावलं होतं. शरीरं तयार झाली, पण चुरशीच्या सामन्यांचा सराव राहून गेला. मग सेरी इव्हान्स या मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली. त्यांनी दिलेली युक्ती अगदी साधी होती: दडपण आलं की श्वास सावकाश घ्यायचा, बुटातली बोटं हलवून पाय जमिनीला टेकलेत हे जाणवून घ्यायचं आणि नजर वर उचलून स्टेडियमच्या दूरच्या कडेकडे बघायचं. डोकं थंड झालं की पुढचं काम ठरवायचं.

मॅकॉच्या जागेवर हे फार मोलाचं. सात नंबर, ओपनसाइड फ्लँकर. बॉल घेऊन पळणारा प्रतिस्पर्धी टॅकल होऊन, म्हणजे पकडला जाऊन, पडला की त्याच्याजवळ सर्वांत आधी पोचायचं. स्वतः टॅकल केला असेल तर आधी त्याला सोडायचं, उठून दोन्ही पायांवर उभं राहायचं, आपल्या बाजूनं सरळ मागून शिरायचं, खांदे कमरेच्या वर ठेवायचे आणि मग बॉलला हात घालायचा. पडलेल्यानं बॉल सोडला नाही तर पेनल्टी आपल्याला. पण समोरचा एक जण येऊन भिडला की रक, म्हणजे बॉलवरची ढकलाढकली, तयार होतो. त्यानंतर नव्यानं हात घातला की पेनल्टी त्यांना, म्हणजे तीन गुण फुकट. सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. मॅकॉ पहिल्या काही मिनिटांतच त्या दिवशीचे पंच किती चालवून घेतात ते अजमावायचा आणि त्यानुसार हात आखडता घ्यायचा. इतर देशांचे चाहते त्याला चीटर म्हणत. नियमाच्या काठावर इतकी वर्षं उभं राहायला काय लागतं, ते त्यांना दिसत नसावं.

२०११ च्या फेब्रुवारीत त्याच्या उजव्या पायातल्या, करंगळीच्या मागच्या लांब हाडात स्क्रू बसवला होता. विश्वचषक सुरू असताना तिथेच पुन्हा दुखू लागलं. त्यानं एक्सरे काढलाच नाही. काढला असता तर हाड मोडलंय हे सगळ्यांना कळलं असतं आणि पत्रकारांशी खोटं बोलावं लागलं असतं. आठवडाभर सराव जवळपास बंद ठेवून तो थेट सामन्यात उतरायचा. २३ ऑक्टोबरला पुन्हा फ्रान्स, यावेळी अंतिम सामना. कार्टर जायबंदी, त्याच्या जागी आलेला स्लेड जायबंदी, तिसरा क्रूडनही सामन्यात गुडघा दुखावून बाहेर. चौथ्या, स्टीफन डोनाल्डनं पेनल्टी मारली. लगेच फ्रान्सच्या दुसोतुआरनं ट्राय केला आणि ८-७ झालं. मग अर्ध्या तासाहून जास्त वेळ एका गुणाची आघाडी धरून ठेवायची होती. चार वर्षांपूर्वी याच संघानं याच प्रतिस्पर्ध्यासमोर डोकं गमावलं होतं. या वेळी ती एका गुणाची आघाडी शेवटपर्यंत टिकली.

घरचे यावर हमखास द्रविडचा विषय काढतात. २००७ च्या मार्चमध्ये आपण बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून विश्वचषकाबाहेर पडलो, पुढे कर्णधार बदलला आणि २०११ मध्ये जिंकलो, मग बदल चुकला कुठे? मुद्दा बिनतोड वाटतो. पण द्रविडला कुणी काढलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात त्यानं इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकून दिली आणि मग स्वतःहून कर्णधारपद सोडलं. आणि वानखेडेवर ज्यानं चषक उचलला, त्याच धोनीच्या रांचीतल्या बांधकाम चालू असलेल्या घरावर त्या मार्चमध्ये लोक चाल करून गेले होते.

मॅकॉनं २०१५ च्या अंतिम सामन्याआधी निवृत्ती जाहीर केली नाही. आपल्या निरोपामुळे संघाचं लक्ष विचलित होऊ नये, एवढंच. १९ नोव्हेंबरला, ऑल ब्लॅक्सचा जुना दिग्गज जोना लोमू वारल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यानं पत्रकारांना बोलावून सांगून टाकलं. आता तो हेलिकॉप्टर चालवतो. न्यूझीलंडमधल्या कायकोरात भूकंप झाला तेव्हा मदतकार्यासाठीही त्यानं ते चालवलं.

हे सगळं मी इतक्या शांतपणे सांगू शकतो, त्याला एक कारण आहे. ऑल ब्लॅक्स हरले की माझ्या तोंडी येतं, "ते हरले." भारत हरला की, "आपण हरलो." इतकी वर्षं इथे काढूनही हे बदललेलं नाही, आणि इथल्या शेजाऱ्यांसमोर ते कबूल करायला मी कचरतो. मॅकॉला आणखी चार वर्षं द्यायला माझं काहीच जात नव्हतं. २००७ च्या मार्चमधल्या त्या रात्री, "आपण" हरलो तेव्हा, माझ्याही तोंडून पहिला शब्द निघाला तो "हाकला" हाच.