पांढऱ्या गावांचा चुना

कुंभार्ली घाटात लाकडाच्या ट्रकांशी वाटाघाटी करण्यात ज्याची 26 वर्षे गेली, त्याला युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यांची भीती ती काय वाटणार, अशा तोऱ्यात मी हेरेसच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतली. दक्षिण स्पेनच्या कादिस प्रांतातली डोंगरावरची पांढरी गावे चार दिवसांत निवांत पाहावीत, एवढाच आमचा बेत होता. खिडकीपलीकडच्या तरुणाने कागदांवर सह्या घेताना "आरसे विम्यात येत नाहीत" असे दोनदा बजावले, तेव्हा तो मला उगीचच घाबरट वाटला.

आर्कोस दे ला फ्रोंतेरा हे गाव तिथून सुमारे 30 किलोमीटरवर, ग्वादालेते नदीवरच्या उभ्या कड्याच्या माथ्यावर वसले आहे. नावातले 'फ्रोंतेरा' म्हणजे सरहद्द. ग्रॅनाडाचे मुस्लिम राज्य 1492 मध्ये पडेपर्यंत हा सारा मुलूख दोन सत्तांच्या सीमेवर होता, आणि वर येणाऱ्याला सुखासुखी येऊ द्यायचे नाही ही सवय इथल्या गल्ल्यांनी अजून सोडलेली नाही. तेव्हाचा शत्रू निदान घोड्यावरून येत असे. मी पाच दारांची गाडी घेऊन आलो होतो, स्टिअरिंग नको त्या बाजूला होते, आणि मोबाइलमधली नकाशेवाली बाई अत्यंत थंड स्वरात मला डावीकडे वळायला सांगत होती.

वळलो. पुढे जे होते त्याला आमच्याकडे दोन घरांमधली पागोळी पडायची जागा म्हणतात. सांता मारिया चर्चच्या दगडी कमानी डोक्यावरून पलीकडच्या भिंतीला टेकल्या होत्या, मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला होता, त्यामुळे माघारीचा प्रश्नच नव्हता. आरसे मिटवले.

"अहो, माझ्याकडे चार बोटे आहेत," सौभाग्यवतींनी खिडकीतून मोजून सांगितले.

"माझ्याकडे दोन."

"मग थोडे माझ्याकडे सरका ना!"

दारात खुर्ची टाकून बसलेल्या एका आजींनी आमच्यासाठी खुर्चीसकट घरात माघार घेतली आणि मग खिडकीतून हात बाहेर काढून, म्हैस गोठ्यात घालावी तशा, मला पुढे बोलावू लागल्या. त्यांच्या हाताकडे बघण्याच्या नादात भिंतीकडे दुर्लक्ष झाले. 'कर्रर्र' असा आवाज आला. चौकात पोहोचून खाली उतरलो, तर काळ्या आरशाच्या पाठीवर तळहाताएवढा पांढराशुभ्र पट्टा उमटला होता. इथली घरे पांढरी दिसतात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुन्यामुळे: चुन्याने उन्हाचा ताप परततो, आणि पूर्वी रोगराईच्या काळात तो जंतुनाशक म्हणूनही फासला जाई. आपल्याकडे चुना लावणारा निदान आधी गोड बोलतो. त्या चौकातल्या सज्ज्यावरून खालची नदी, शेते आणि वाऱ्यावर तरंगणारे ससाणे दिसतात म्हणे. मी आरसा पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ग्राझालेमा. अटलांटिकवरून येणारे ढग इथल्या डोंगरांवर आदळून रिकामे होतात, म्हणून वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव स्पेनमधल्या सर्वांत ओल्या ठिकाणांत मोजले जाते. हे सांगणाऱ्या खानावळवाल्याकडे पाहून मी चिपळूणकराला शोभेल असे हसलो, छत्री गाडीत ठेवली आणि अर्ध्या तासात चिंब भिजून परत आलो. पण त्या पावसाने एक उपकार केला. आरशावरचा चुना धुऊन गेला होता, आणि खाली ओरखडा नव्हता! त्या आनंदात तिथली उंच पालोमास खिंड मी इतक्या सफाईने पार केली की कुंभार्लीचे नाव राखले. दाट धुक्यामुळे ते कोणालाही दिसले नाही, हा भाग वेगळा.

सेतेनिलला मात्र गाडी वेशीबाहेरच ठेवली. या गावाचे नाव लॅटिनमधल्या 'सात वेळा, काहीच नाही' यावरून पडले, कारण ख्रिस्ती फौजांचे वेढे वारंवार फसले, अशी लोककथा आहे. शेवटी 1484 मध्ये ते पडले. मी पहिल्याच वेढ्यात हार मानली. नदीने कोरलेल्या कड्याच्या पोटात इथली घरे आहेत. त्यांना पुढची भिंत आहे, पण छप्पर म्हणजे थेट डोंगर, आणि एका गल्लीत तर तो डोंगर रस्त्यावरूनही पलीकडे गेलेला. त्या छपराखाली मान वर करून उभा असताना मागून एक भाड्याची गाडी आली. चालकाचा चेहरा घामाने डबडबला होता, शेजारची बाई बोटे मोजत होती. मी मोठ्या मनाने भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, आणि आजींसारखाच हात हलवून त्याला पुढे काढले.

हेरेसला गाडी परत दिली, तेव्हा त्याच तरुणाने दोन्ही आरशांवरून बोट फिरवले, बोट पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. मी विजयी मुद्रेने सही करून बॅग उचलायला वळलो.

"आर्कोस?" मागून त्याने विचारले.

"सेतेनिल," माझ्या काळ्या कोटाची पाठ झटकत सौभाग्यवती म्हणाल्या.