सिरीजमध्ये एक तरी मॅच जिंकेलच ना? एडिसनच्या कट्ट्यावर झालेला वाद

न्यू जर्सीतल्या एडिसन गावात, ओक ट्री रोडवर चहाच्या दुकानाबाहेर जो बुटका कठडा आहे तोच आमचा कट्टा. शुक्रवारी ऑफिस सुटलं की चार-पाच मराठी टाळकी जमतात, बहुतेक वेळा मॉर्गेजचे रेट नाहीतर व्हिसा, पण यावेळी निल्या एक्सेल शीट घेऊनच आला होता आणि मग तासभर दुसरा विषयच नाही. वाद मला महत्त्वाचा वाटला म्हणून जसा झाला तसा लिहून काढतोय, कारण न्यू जर्सीत २०१८ पासून मॅचवर पैसे लावणं कायदेशीर आहे, फोनवर ॲप आहे, आणि आपल्यातले बरेच हुशार लोक हेच गणित मांडून बसलेत.

निल्याचं म्हणणं असं. बेसबॉलमध्ये टीम एका शहरात जाते आणि तिथे ओळीने साधारण तीन मॅच त्याच टीमशी खेळते, ती सिरीज. तीनच्या तीन हरणं म्हणजे स्वीप, आणि ते रोज थोडीच होतं? म्हणून पहिल्या मॅचवर ११० डॉलर लावायचे, जिंकलो तर १०० सुटले आणि आपली सिरीज तिथेच संपली. हरलो तर दुसऱ्या मॅचवर २३१, तेही गेले तर तिसरीवर ४८५. कुठेही एकदा जिंकलो की मागचं सगळं वसूल होऊन वर १०० शिल्लक. "अरे मी मागच्या सीझनवर चालवून बघितलं, १०० पैकी ८८ सिरीज पास! ८८ टक्के! कुठल्या शेअरमध्ये मिळतं सांग."

संद्या लगेच त्याच्या बाजूने. "बरोबर आहे ना, तीनदा हरायला नशीबच फुटकं लागतं."

मेधा इन्शुरन्समध्ये ॲक्चुअरी आहे, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारी, तिने चहा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "नील्स, उरलेल्या १२ मध्ये किती गेले?"

एका सिरीजला ८२६. ११०, २३१ आणि ४८५ ची बेरीज. म्हणजे ८८ वेळा १०० मिळाले, ८,८०० झाले, आणि १२ वेळा ८२६ गेले, ९,९१२ झाले. हजाराच्या वर तोटा. निल्याच्या शीटमध्ये पास-नापासचा कॉलम होता, डॉलरचा कॉलम होता पण त्याची बेरीजच मारलेली नव्हती! मेधा म्हणाली की या भावाने नुसतं बरोबरीत सुटायलासुद्धा ८९.२ टक्के सिरीज पास व्हाव्या लागतात, आणि नाणं उडवून टीम निवडली तरी ८७.५ टक्के पास होतातच, तीनदा उलटं पडायची शक्यता आठात एक. तर हे ८८ टक्के म्हणजे नाण्याच्या जवळपासच.

मला इथे थांबून सांगावंसं वाटतं की फसवणूक इथेच आहे आणि ती कोणी बाहेरचा करत नाही, आकडाच करतो. ८८ टक्के हा आकडा कानाला इतका गोड लागतो की आपण विचारतच नाही, बाकीच्या १२ ची किंमत काय.

मग मेधाने जे दाखवलं ते मला सगळ्यात जास्त पटलं. -११० चा भाव म्हणजे १०० मिळवायला ११० लावायचे, यात बुकीचा कट बसलेला असतो, दोन्ही टीम सारख्या असतील तर लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे साडेचार सेंट जातात. आता निल्याची पायरी-पायरीची पद्धत घ्या. सरासरी एका सिरीजला ३४७ डॉलर लागतात कारण दुसरी मॅच निम्म्याच वेळा खेळावी लागते आणि तिसरी पाव वेळा, आणि सरासरी तोटा होतो १५ डॉलर ७६ सेंट. भागाकार करा. पुन्हा साडेचार टक्केच. एक दशांशसुद्धा हलत नाही. पायऱ्या चढवल्याने तोट्याचा दर बदललाच नाही, फक्त छोटे छोटे फायदे भरपूर आणि मोठे खड्डे क्वचित अशी त्याची मांडणी झाली, आणि शिवाय ११० ऐवजी सरासरी ३४७ डॉलर खेळात गेले म्हणून रोख तोटा तिपटीने वाढला.

"पण मी सारख्या टीम घेतच नाही," निल्या आता जरा गरम झाला होता. "मी तगडी टीम घेतो. तगडी टीम स्वीप होत नाही."

यावर मीच बोललो कारण मी लॉस एंजेलिसची डॉजर्स टीम फॉलो करतो. २०१७ साली त्या टीमने १०४ मॅच जिंकल्या, वर्ल्ड सिरीजपर्यंत म्हणजे फायनलपर्यंत गेली, आणि त्याच टीमने ऑगस्टच्या शेवटापासून ११ सप्टेंबरपर्यंत १७ पैकी १६ मॅच घालवल्या, त्यात ओळीने ११. त्या दोन आठवड्यांत निल्याची सिस्टीम लावली असती तर एकामागून एक स्वीप. आणि समजा होत नाही स्वीप, तरी तगड्या टीमचा भाव तगडाच असतो ना. -२०० ची टीम घेतली तर १०० मिळवायला पहिल्यांदा २००, मग ६००, मग १,८००. म्हणजे १०० साठी २,६०० पणाला. तिथे बरोबरीत यायला ९६.३ टक्के सिरीज पास व्हायला हव्यात. टीम चांगली आहे हे आपल्याला कळतं तसं भाव लावणाऱ्यालाही कळतंच.

संद्याचा पुढचा मुद्दा मात्र साधा नव्हता. तो म्हणाला, दोन मॅच हरलेली टीम तिसऱ्या दिवशी पेटून उठते, इज्जतीचा प्रश्न असतो. ऐकायला छान वाटतं पण बेसबॉलमध्ये तिसऱ्या दिवशी कोण पेटणार हे आधीच ठरलेलं असतं, कारण सुरुवातीचे पिचर (बॉल टाकणारे) साधारण पाच जणांच्या पाळीने येतात. तिसऱ्या दिवशी तुमच्या पाचव्या नंबरच्या पिचरची पाळी आणि समोर त्यांचा एक्का असेल तर इज्जत काय करणार? वरून पहिल्या दोन मॅच हरताना बुलपेनमधले म्हणजे राखीव पिचर वापरून झालेले असतात, आणि सिरीजचा शेवटचा दिवस दुपारचा असेल, संध्याकाळी विमान पकडायचं असेल तर मॅनेजर मुख्य खेळाडूंना बसवतातसुद्धा. मेधाने अजून एक गोष्ट जोडली, की जी टीम आत्ताच दोनदा हरली ती कदाचित आपण समजत होतो त्यापेक्षा कमकुवतच आहे, तर तिसरी जिंकायची शक्यता वाढत नाही, असलीच तर थोडी कमी असते. म्हणून नुसता गुणाकार करून काढलेल्या आकड्यापेक्षा खरे स्वीप थोडे जास्तच निघतात.

"ठीक आहे, स्वीप झाला तर तोटा पुढच्या सिरीजमध्ये ओढू," निल्या.

हे ऐकून काका बोलले. काका लालबागचे, इथे मुलाकडे येऊन स्थायिक झालेत, तोवर गप्प होते. "बाबा, आमच्याकडे न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, मग तो मटका झाला. दहा आकडे आणि लागला तर एकाला नऊ. चाळीत एकजण रोज तोच आकडा धरून रक्कम वाढवत न्यायचा, आज ना उद्या लागणारच म्हणून. लागायचा पण. पण न लागलेल्या दिवसांत बायकोचे दागिने गेले, मग आकडा लागून उपयोग काय." कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मी म्हटलं, काका तुम्ही म्हणताय तसंच इथेही, २०२१ मध्ये ॲरिझोना डायमंडबॅक्स परगावी सलग २४ मॅच हरले. असा तोटा कोणी ओढत नेला असता तर पाचव्या-सहाव्या पायरीलाच खिसा रिकामा, नाहीतर ॲपने रकमेवर मर्यादा घातलेली.

डॉजर्सचा जपानी स्टार ओहतानी, त्याच्या दुभाष्याची, मिझुहाराची केससुद्धा निघाली, त्याने ओहतानीचेच पैसे चोरून लावले होते. मिझुहाराच्या कोर्टातल्या कागदांप्रमाणे सुमारे १९ हजार बेट, जिंकलेली रक्कम १४२ मिलियन डॉलरच्या वर आणि हरलेली जवळपास १८३ मिलियन. बेसबॉलवर त्याने लावल्याचं त्यात नव्हतं, पण १४२ मिलियन जिंकणारा माणूसही ४० मिलियनने बुडाला आणि शेवटी ४ वर्षं ९ महिन्यांची शिक्षा झाली. जिंकलेलं मोजत बसलं की असं होतं.

निल्या हुशार आहे, हट्टी नाही. तो म्हणाला मग टेस्ट कशी करायची ते सांगा, नुसतं नाही म्हणू नका. हा भाग मला आवडला कारण इथून भांडण थांबलं आणि काम सुरू झालं.

पहिलं म्हणजे नियम आधी कागदावर. निल्याच्या शीटमध्ये फिल्टर होते, परगावची टीम, वेगळा डिव्हिजन (लीगमधला गट), एप्रिल सोडून, आणि हे सगळे फिल्टर निकाल बघता बघता लागले होते. ज्या सीझनवर नियम घडवला त्याच सीझनवर तो पास होणारच, त्याला टेस्ट म्हणत नाहीत, नियमाने न बघितलेला सीझन घ्यावा लागतो. आणि २०२० घेऊ नको, तो ६० मॅचचा सीझन होता. जुने स्कोअर रेट्रोशीट या साइटवर फुकट मिळतात पण भाव तिथे नाहीत, आणि निल्याने दुसरीकडून घेतलेले भाव मॅच सुरू होतानाचे शेवटचे होते, तो लावणार मात्र सकाळी ऑफिसला जाताना. तोपर्यंत पिचर बदलू शकतो, भाव हलतो. पाऊस पडून तिसरी मॅच रद्द झाली आणि दोन महिन्यांनी डबलहेडरमध्ये, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅचमध्ये, खेळली गेली तर ४८५ कुठे लावणार, हेही आधी ठरवायला हवं, शीटमध्ये ती सिरीज गुपचूप गाळली होती.

पहिल्या दहा सिरीज ओळीने पास झाल्या म्हणून खूश व्हायचं नाही, नाण्यानेही चारातल्या एकाला तसं होतं.

आणि सगळ्यात मुख्य मेधाची अट. पहिली, दुसरी, तिसरी पायरी, तिन्हींचा हिशोब वेगळा ठेवायचा आणि प्रत्येक ठिकाणी सपाट १०० डॉलर लावले असते तर काय झालं असतं ते बघायचं. सपाट लावून तोटा असेल तर वाढवून तोटाच. तिने तिथेच फोनवर शीट उघडून फिल्टर मारला. पहिल्या पायरीवर तोटा, दुसरीवर तोटा, तिसरीवर मात्र थोडासा फायदा.

"बघ!" निल्या उठून उभाच राहिला.

"बघते ना," मेधा म्हणाली. "तिसऱ्या पायरीपर्यंत पावच सिरीज पोचतात. हजार सिरीज असतील तर अडीचशे मॅच. अडीचशे वेळा नाणं उडवलं तर -११० च्या भावातही फायद्यात दिसायची शक्यता चारात एक असते. पण समज खरंच आहे फायदा. मग पहिल्या दोन मॅचवर पैसे कशाला लावतोस? दोनदा हरेपर्यंत बघत बस आणि फक्त तिसरीवर सपाट लाव."

निल्याने थोडा विचार केला. म्हणाला, मग ही सिस्टीम उरतच नाही. मेधा म्हणाली, नाही उरत. आता तो मागचे चार सीझन फक्त तिसऱ्या मॅचसाठी, सकाळच्या भावाने, पावसाच्या मॅच धरून काढणार आहे आणि ते होईपर्यंत ॲपमध्ये एक डॉलर टाकणार नाही असं काकांना कबूल केलंय. संद्या अजून विचारतोय, चार मॅचची सिरीज घेतली तर? त्याला सांगितलं, चौथी पायरी १,०१९ ची, एका स्वीपला १,८४५ जाणार, आणि सरासरी तोटा १६ वरून साडेएकवीस डॉलरवर.