राजाच्या राज्यात पक्ष कसा फोडावा

पक्ष फोडायचाच आहे ना? मग राजा असलेला देश गाठा. २००२ सालचा नेपाळ उत्तम, आणि कित्ता गिरवायचा तर शेरबहादुर देउबांचा.

आधी भांडणाला विषय हवा. पंतप्रधान देउबांना आणीबाणीची मुदत वाढवायची होती, पण गिरिजाप्रसाद कोइरालांच्या हातातला त्यांचाच पक्ष, नेपाळी काँग्रेस, नको म्हणत होता. अशा वेळी पक्षाची समजूत काढत बसू नये. २२ मे रोजी राजा ज्ञानेंद्रांकडून सरळ संसदच बरखास्त करून आणावी. पक्ष तीन वर्षांसाठी हाकलतो, ते मनाला लावून घेऊ नका. जूनमध्ये स्वतःचं अधिवेशन भरवा, सभापती, म्हणजे पक्षाध्यक्ष, व्हा आणि खरी नेपाळी काँग्रेस आम्हीच असं सांगत सुटा. निवडणूक आयोग चार ताऱ्यांचा झेंडा आणि झाडाचं चिन्ह कोइरालांना देऊन टाकेल. तुमच्या वाट्याला पक्षाच्या नावापुढचा कंस येईल. त्यात ‘प्रजातांत्रिक’ लिहा. संसद मोडणाऱ्याला हे नाव शोभून दिसतं.

जुलैत गाव विकास समित्या आणि नगरपालिकांची मुदत संपेल. ती वाढवू नका, निवडणुकाही घेऊ नका. संसद नाही, ग्रामसभा नाही, म्हणजे जाब विचारणारं कुणीच उरलं नाही. फक्त एक उरतो, आणि तो राजवाड्यात बसलेला असतो.

१३ नोव्हेंबरचं मतदान माओवाद्यांमुळे होणार नाही, तेव्हा ते वर्षभर पुढे ढकला, अशी विनंती आता राजाकडे न्या. राजाला नेमका हाच कागद हवा असतो. ४ ऑक्टोबरला तो तुम्हाला ‘अक्षम’ ठरवून घरी पाठवेल. आधार काय, तर अडचणी दूर करण्यासाठी घटनेत ठेवलेलं १२७ वं कलम. संसद जिवंत असती तर पंतप्रधान हटवायला तिथे अविश्वास ठराव लागला असता. पण ती तर तुम्हीच मोडून ठेवलीत!

खचू नका. २००४ मध्ये तोच राजा त्याच अक्षम माणसाला पुन्हा पंतप्रधान करतो आणि १ फेब्रुवारी २००५ रोजी पुन्हा काढतो. या खेपेला सत्ताही स्वतःच्याच हातात घेतो. वर त्यानेच भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नेमलेला शाही आयोग मेलम्ची पाणी प्रकल्पाच्या प्रकरणात तुम्हाला तुरुंगात टाकतो. तुमची सुटका व्हायला सर्वोच्च न्यायालयाला तो आयोगच रद्द करावा लागतो.

मग सप्टेंबर २००७ मध्ये कंस पुसून मूळ पक्षात परत जा. देउबा २०१६ मध्ये त्याच काँग्रेसचे सभापती झाले. गावांना मात्र स्थानिक निवडणूक मिळाली ती थेट २०१७ मध्ये.